जहाजाचे भाग पाठ करू नका, आधी घरातच जहाज मांडा

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला नॉटिकल सायन्सला, म्हणजे जहाज चालवायच्या शिक्षणाला, ॲडमिशन मिळाली आणि कॉलेज सुरू व्हायच्या आठवडाभर आधी ती चार पानांची प्रिंटआउट घेऊन आमच्याकडे आली, जहाजाच्या भागांची नावं, ए टू झेड. म्हणाली, काका तीनदा पाठ केलं, सकाळी उठले की निम्मं गायब. मी कागद बघितला आणि कळलं की दोष तिच्या डोक्यात नाही, यादीत आहे. ए टू झेडमध्ये बो, बल्कहेड, बिल्ज, बोलार्ड सगळे एका ओळीत येतात आणि जहाजावर ते एकमेकांपासून शंभर शंभर मीटर लांब असतात. म्हणून तिला म्हटलं कागद इथेच राहू दे, चल तुमच्या फ्लॅटमध्ये.

मी बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत डेकवर काढली, आता सिंहगड रोडला असतो. पुण्याला समुद्र नाही पण समुद्रावर जाणारी पोरं इथे भरपूर, लोणी काळभोरला मॅनेट आहे, तळेगावजवळ इंदुरीला तोलानी आहे (दोन्ही मर्चंट नेव्हीची कॉलेजं), खडकवासल्याला एनडीए, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी. त्या सगळ्यांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी पण लिहितोय, कारण पोरगं जहाजावरून फोन करतं तेव्हा काय बोलतंय हे घरी कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी दिशा, बाकी सगळं नंतर. हॉलच्या बाल्कनीला बो म्हणायचं, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. घराचं मागचं टोक, ड्राय बाल्कनी वगैरे, ते स्टर्न. आता बाल्कनीकडे तोंड करून उभे रहा, डाव्या हाताची बाजू पोर्ट, उजव्या हाताची स्टारबोर्ड. अप्पा बळवंत चौकातून लाल आणि हिरवा घोटीव कागद आणा, डाव्या भिंतींवर लाल तुकडे चिकटवा, उजव्या भिंतींवर हिरवे. आता पाठ फिरवा, स्टर्नकडे तोंड करा. तुमची डावी बाजू बदलली, पण भिंतीवरचा लाल कागद हलला नाही, पोर्ट अजून पोर्टच आहे. डावं उजवं माणसाचं असतं, पोर्ट स्टारबोर्ड जहाजाचं असतं. एवढं एक डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. चार दिवस घरात डावं उजवं हे शब्द बंद करा, मिठाचा डबा पोर्टच्या कपाटात, चार्जर स्टारबोर्डच्या प्लगला, असंच बोला.

हे मी का एवढं ताणून सांगतोय तर माझ्याकडून कॅडेट असताना चूक झाली होती. जहाज बंदरात घेत होते, मी स्टर्नला उभा, तोंड मागे, माझ्या डाव्या हाताने एक टग, म्हणजे जहाजाला ओढणारी छोटी बोट, अगदी जवळ यायला लागला, आणि घाईत मी वॉकीटॉकीवर बोललो टग लेफ्टला आहे. ब्रिजवरच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथल्या, सगळ्यांचं तोंड पुढे, त्यांनी लेफ्ट म्हणजे पोर्ट धरलं, टग होता स्टारबोर्डला. सेकंड ऑफिसरने माझ्या हातातून सेट ओढून घेऊन दुरुस्त केलं म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

लक्षात ठेवायला सोपं, हृदय डावीकडे, रक्त लाल, म्हणून पोर्टचा दिवा लाल. स्टारबोर्डचा हिरवा. विमानाला पण हीच पद्धत आहे, डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, त्यामुळे लोहगावला रात्री उतरणारं विमान दिसलं की सराव करा. लाल दिवा तुमच्या उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला दिसत असेल तर विमानाचं तोंड तुमच्याकडे आहे. समुद्रावर रात्री समोरचं जहाज येतंय की जातंय हे आम्ही असंच ओळखतो, स्टर्नला फक्त पांढरा दिवा असतो.

आणि नाव कुठून आलं हे कळलं की विसरायला होत नाही. जुन्या काळी उत्तर युरोपात सुकाणू मागे मध्यभागी नसायचं, उजव्या अंगाला एक मोठं वल्हं बांधलेलं असायचं, त्यानेच दिशा द्यायची, म्हणजे स्टीअर करायची बाजू ती स्टारबोर्ड. ते वल्हं धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने बंदराला लावायचे, म्हणून ती पोर्ट. आधी डाव्या बाजूला लारबोर्ड म्हणायचे, पण वादळात ओरडून सांगताना लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखंच ऐकू यायचं, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये लारबोर्ड बंद करून पोर्ट पक्कं केलं. शब्दातला घोळ जीवावर बेततो म्हणून शब्दच बदलला, मला ही गोष्ट फार आवडते.

यानंतर मधल्या दिशा. सरळ आडवं ते बीम, पुढच्या तिरक्या कोपऱ्यालाही बोच म्हणतात, मागचा तिरका कोपरा क्वार्टर. हे स्कूटरवर मागे बसून शिका (चालवणाऱ्याने नाही, मागे बसणाऱ्याने). कर्वे रोडवर पीएमपीची बस पुढे उजवीकडे दिसली की स्टारबोर्ड बो, रिक्षा डावीकडे अगदी बाजूला आली की पोर्ट बीम, मागून डावीकडे तिरका टेम्पो आला की पोर्ट क्वार्टर. कोथरूड ते डेक्कन एवढ्या अंतरात पन्नास वेळा सराव होतो.

आता घरात परत. फरशीला डेक म्हणा, भिंतीला बल्कहेड, डोक्यावरच्या छताला डेकहेड, पॅसेजला ॲलीवे, जिन्याला लॅडर, स्वयंपाकघराला गॅली, झोपायच्या जागेला बंक. बाथरूममध्ये पाणी जायची जाळी असते ना, तसंच डेकवरचं पाणी बाहेर जायला कडेला जी भोकं असतात ती स्कपर. बाल्कनीचा पक्का कठडा म्हणजे बुलवर्क, आणि नुसते गज असतील तर रेलिंग.

बल्कहेड म्हणजे नुसती भिंत असं लिहून पुढे जाऊ नका. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे घ्या, नळाखाली एकाच टोकाचे कप्पे भरा आणि ट्रे त्या बाजूला थोडा तिरका करा, पाणी एका कप्प्यातून वरून सांडून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात जातं. टायटॅनिकला १९१२ मध्ये हेच झालं. तिच्यात १५ बल्कहेड होते, त्यांनी १६ कप्पे केले होते, पुढचे चार भरले तरी जहाज तरंगलं असतं, पण हिमनगाने स्टारबोर्डच्या अंगाला त्याहून जास्त कप्पे उघडे पाडले आणि बल्कहेड पुरेसे उंच नव्हते, बो जसजशी खाली गेली तसं पाणी वरून पुढच्या कप्प्यात जात राहिलं. बोच्या मागचा सगळ्यात पहिला मजबूत बल्कहेड म्हणजे कोलिजन बल्कहेड, पुढून धडक बसली तर पाणी तिथेच थांबावं म्हणून. ट्रे हातात घेऊन एकदा केलं की हा शब्द जन्मात जात नाही, त्या मुलीच्या आईने पण करून बघितलं.

इथपर्यंत घर पुरतं, पुढचं कागदावर काढावं लागतं. एक लांब आडवं जहाज बाजूने काढा, चित्र वाईट आलं तरी चालेल, पण बोपासून सुरू करून स्टर्नकडे जात जात नावं लिहा. पाण्यात बसणारं सगळं अंग म्हणजे हल. हलच्या तळाला पुढून मागे जाणारा कणा तो कील. तळाला एकाखाली एक असे दोन थर असतात, मधल्या जागेला डबल बॉटम म्हणतात, तिथे बॅलास्टचं पाणी किंवा तेल. बॅलास्ट म्हणजे माल नसताना जहाज फार वर तरंगून डुलू नये म्हणून भरलेलं पाणी. अगदी तळाशी जिथे गळलेलं, सांडलेलं पाणी साठतं ती बिल्ज.

बो-ला पाण्याखाली नाकासारखा फुगवटा दिसतो तो बल्बस बो, तो स्वतःची लाट उठवतो आणि ती लाट बोच्या लाटेला मारते, त्यामुळे जहाजाला होणारा विरोध कमी होतो आणि तेल वाचतं. मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन अडकलं होतं आठवतंय का, ४०० मीटर लांब जहाज, तिचा हाच बल्बस बो काठाच्या मातीत घुसला होता, आणि तो छोटासा पिवळा एक्स्कव्हेटर जो सगळ्या फोटोत होता तो बोजवळची माती उपसत होता. त्या फोटोची प्रिंट काढून त्यावर बो, बल्ब, अँकर, फोकसल (हे पुढे सांगतो) अशी नावं लिहा, याच्याइतकं चांगलं वर्कशीट विकत मिळणार नाही.

बोवरचा डेक म्हणजे फोकसल. इंग्रजीत स्पेलिंग फोरकॅसल आहे, पुढचा किल्ला, कारण मध्ययुगातल्या जहाजांवर पुढे खरंच लाकडी बुरूज असायचा, वरून बाण मारायला. उच्चार मात्र फोकसल, फोरकॅसल म्हणालात की सारंगाला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, लगेच कळतं की हा नवीन आहे. स्टर्नवरचा डेक तो पूप. मधे होल्ड, म्हणजे माल ठेवायच्या कोठारासारख्या खोल्या, त्यांच्या वरची तोंडं म्हणजे हॅच, आणि त्यावरची झाकणं हॅच कव्हर. मागे राहायची इमारत, तिला अकोमोडेशन म्हणतात, तिच्या माथ्यावर ब्रिज. ब्रिजला ब्रिज का म्हणतात तर जुन्या वाफेच्या जहाजांना दोन्ही अंगांना मोठी पॅडलची चाकं असायची, त्या चाकांच्या पेट्यांमधून आडवा पूल टाकलेला असायचा आणि कॅप्टन तिथे उभा राहायचा. चाकं गेली, पूल गेला, नाव राहिलं. ब्रिजच्या दोन्ही बाजूंना बाहेर काढलेल्या गॅलऱ्या त्या ब्रिज विंग.

नांगराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे आपली मराठी इंग्रजीपेक्षा जास्त शिकवते. बहुतेकांना वाटतं की नांगर जड असतो म्हणून जहाज थांबतं. तसं नाही. शेतातला नांगर आणि समुद्रातला नांगर आपल्याकडे एकच शब्द आहे आणि कामही तेच, फाळ जमिनीत रुतवणं. अँकरला जे फ्लूक म्हणतात ते म्हणजे फाळच. साखळी तळावर आडवी पडलेली असली की ओढ आडवी लागते आणि फाळ आणखी आत जातो, साखळी वर ताणली गेली की फाळ उचकटतो, नांगर धरलेला शेतकरी हे दोन मिनिटांत समजावून सांगेल. म्हणून आम्ही पाण्याच्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त साखळी सोडतो. साखळी मोजायची शॅकलमध्ये, एक शॅकल म्हणजे १५ फॅदम, साधारण २७.५ मीटर. फॅदमला आपला जुना शब्द वाव, दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी तेवढी, विहिरीचा दोर पण वावेनेच मोजायचे. साखळी ओढायचं यंत्र विंडलस, साखळी ज्या नळीतून बाहेर पडते ती हॉसपाइप, खाली साठते तो चेन लॉकर, आणि साखळीचं जहाजाला आतून बांधलेलं शेवटचं टोक बिटर एन्ड.

मागे प्रॉपेलर आणि त्याच्या मागे रडर म्हणजे सुकाणू. एक गंमत, टायटॅनिकवर हिमनग दिसला तेव्हा हार्ड अ स्टारबोर्ड अशी ऑर्डर दिली आणि जहाज पोर्टला वळलं. लोकांना वाटतं चूक झाली. चूक नव्हती, त्या काळात ऑर्डर सुकाणूच्या दांड्याची असायची, दांडा उजवीकडे ढकलला की सुकाणूचं पातं आणि जहाज डावीकडे वळतं. ही पद्धत १९३० च्या दशकात बदलली, आता स्टारबोर्ड म्हटलं की बो स्टारबोर्डला. मध्ये आणा म्हणायचं तर मिडशिप्स.

पुढचा भाग स्वयंपाकघरात करायचा. पातेल्यात पाणी घ्या, त्यात स्टीलची खोल वाटी तरंगवा आणि एक एक मूठ शेंगदाणे टाकत जा. वाटी पाण्याखाली जेवढी बुडाली तो ड्राफ्ट, पाण्याच्या वर जेवढी उरली तो फ्रीबोर्ड. वाटीवर स्केचपेनने एक रेघ मारा, याच्या खाली पाणी असेपर्यंत ठीक, वर गेलं की शेंगदाणे जास्त झाले. ही रेघ जहाजावर असावी म्हणून सॅम्युअल प्लिमसोल नावाचा ब्रिटिश खासदार वर्षानुवर्षं भांडला, कारण मालक क्षमतेपेक्षा जास्त माल भरायचे आणि खलाशी बुडून मरायचे. १८७६ मध्ये कायदा झाला. ज्यांनी ती रेघ असलेल्या जहाजांवर पोट भरलंय त्यांनी त्या माणसाचं नाव विसरू नये असं मला वाटतं.

हलच्या मध्यावर ती खूण बघायची, एक गोल, त्याच्या मधून आडवी रेघ, आणि शेजारी शिडीसारख्या छोट्या रेघा. गोलाच्या दोन बाजूंना आय आणि आर ही अक्षरं असतील तर इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगने ती तपासून दिलेली आहे. छोट्या रेघांत एस म्हणजे समर, टी म्हणजे ट्रॉपिकल, डब्ल्यू म्हणजे विंटर, एफ म्हणजे गोडं पाणी. गोड्या पाण्याची रेघ खाऱ्याच्या वर का असते? अंड्याचा प्रयोग शाळेत केला असेल, साध्या पाण्यात बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. समुद्राचं पाणी जड, ते जहाज जास्त उचलून धरतं, नदीच्या पाण्यात तेच जहाज तोच माल घेऊन जास्त खाली बसतं. हल्दियासारख्या नदीतल्या बंदरात हा हिशोब रोज करावा लागतो. बो आणि स्टर्नला जे आकडे रंगवलेले असतात ते ड्राफ्ट मार्क, मीटरमधले असतील तर प्रत्येक आकडा १० सेंटीमीटर उंच, आणि आकड्याची खालची कड तो ड्राफ्ट दाखवते. पाणी आकड्याच्या माथ्याला टेकलं असेल तर त्यात १० सेंटीमीटर मिळवायचे.

डेकवरचे छोटे शब्द, बोलार्ड, बिट्स, फेअरलीड, डेव्हिट, हे पाठ करू नका, प्रत्यक्ष बघितल्यावर एका दिवसात येतात. फक्त दोर बांधायची जागा की दोर वळवायची जागा एवढा फरक ध्यानात ठेवा, बोलार्ड आणि बिट्स बांधायला, फेअरलीड वळवायला. डेव्हिट म्हणजे लाइफबोट ज्यावर टांगलेली असते तो हात.

बघायचं कुठे? मुंबईला गेटवेवरून मांडव्याला जाताना लाँचमध्ये मोबाइल खिशात ठेवा आणि बाहेर नांगरलेली जहाजं वाचत जा. हर्णैला दापोलीमार्गे जाता तेव्हा मासळीच्या लिलावाला नुसते मासे बघू नका, बोटी बघा आणि एखाद्या तांडेलाला नीट विचारा, दादा याला काय म्हणता. बो-ला नाळ, मास्टला डोलकाठी, सेलला शीड, पुलीला कप्पी, बोट चालवणारा तांडेल, मालक नाखवा. नाळ म्हटलं की आंग्र्यांचं आरमार आठवतं, त्यांच्या गुराब नावाच्या लढाऊ जहाजांची नाळ खूप पुढे काढलेली असायची आणि पुढच्या तोफा तिच्यावरून डागायचे. पुण्यातच बघायचं तर संगमाजवळ सीओईपीचा बोट क्लब आहे, त्यांचा रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळा, असतो तेव्हा वल्हवणाऱ्यांच्या बोटीत बो आणि स्टर्न ओळखा, वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं त्यामुळे पोर्ट स्टारबोर्डची खरी परीक्षा तिथे होते. आणि नेव्हीची आवड असेल तर विक्रांत या विमानवाहू जहाजाचे फोटो शोधा, २०२२ ची नवीन, २६२ मीटर लांब, तिच्या फ्लाइट डेकवरची इमारत जिला आयलंड म्हणतात ती कुठल्या बाजूला आहे ते सांगा. स्टारबोर्ड. बो-ला वर उचललेला उतार आहे तो स्की जम्प.

जॉइन झाल्यावर पुस्तकातल्या इंग्रजीपेक्षा वेगळे शब्द कानावर पडतील, घाबरू नका. भारतीय क्रू असेल तर बोसनला सारंग म्हणतात, स्वयंपाक्याला भंडारी, डेक स्टोअर सांभाळणाऱ्याला कसाब. क्रेनने काही उचलताना हाबेस म्हणजे वर घे, आरिया म्हणजे खाली सोड, हा आरिया पोर्तुगीजांकडून आलाय आणि अजून चालू आहे. पहिल्या दिवशी वही घेऊन फोकसलपासून पूपपर्यंत सारंगाबरोबर एक फेरी मारा, प्रत्येक गोष्टीला तो काय म्हणतो आणि पुस्तक काय म्हणतं असे दोन रकाने करा. पहिल्या मूरिंगच्या, म्हणजे जहाज धक्क्याला दोरांनी बांधायच्या, आधी मात्र एवढं तोंडात बसलेलं पाहिजे: पुढे जाणारा दोर हेड लाइन, मागे जाणारा स्टर्न लाइन, बोकडून मागे आणि स्टर्नकडून पुढे तिरपे जाणारे स्प्रिंग, हीव्ह म्हणजे ओढा, स्लॅक म्हणजे ढिला सोडा, होल्ड ऑन म्हणजे आहे तिथे थांबा. आणि दोराचा डेकवर पडलेला जो वळसा असतो त्याला बाइट म्हणतात, त्यात पाय टाकायचा नाही, दोर ताणला की तो वळसा एका क्षणात बंद होतो.